मुसाफिर आणि साकीन

सहामाही परीक्षा संपत आली की घराघरांत एकच प्रश्न घुमू लागतो: दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे? मग मोबाईलवर जाहिराती पाहिल्या जातात, सहा दिवसांत नऊ ठिकाणे असा हिशेब मांडला जातो. पहाटे पाचला बॅगा बसच्या पोटात आणि रात्री अकराला हॉटेलच्या खोलीत. मुले बसमध्ये झोपतात. दादी खिडकीतूनच सगळे पाहते, कारण 'वीस मिनिटांत परत या' म्हटल्यावर तिचे गुडघे ऐकत नाहीत. नमाज कधी रांगेत, कधी घाईत. परत आलो की विश्रांतीसाठी आणखी दोन दिवसांची रजा लागते. ज्याच्यासाठी घराबाहेर पडलो, तो सुकून नेमका कुठे राहिला, हे कोणी विचारत नाही.

या महिन्यात आम्हाला लिहायचे आहे ते दुसऱ्या तऱ्हेच्या सुट्टीबद्दल. लहान गावात जावे, तिथे राहावे, आणि गावाच्या चालीने चालावे. ही काही नवी फॅशन नाही. मात्र जगातल्या काही गावांनी ती आता ठरवून, नियम करून सांभाळली आहे.

याची सुरुवात इटलीत झाली. १९८६ साली रोममधल्या प्रसिद्ध 'स्पॅनिश पायऱ्यां'जवळ मॅकडोनाल्ड्स उघडणार म्हणून निदर्शने झाली. त्यातून कार्लो पेत्रिनी यांची 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. आपल्या मातीतले, आपल्या ऋतूतले, वेळ देऊन शिजवलेले अन्न खावे, असे तिचे म्हणणे. पुढे १९९९ साली ग्रेव्हे इन किआंती या गावचे महापौर पाओलो सातुर्निनी यांनी विचारले की जे ताटाला लागू, ते गावाला का नको? ऑर्व्हिएतो, ब्रा आणि पोझितानो ही गावे त्यांच्यासोबत आली आणि 'चित्तास्लो' म्हणजे संथ गावांचे जाळे तयार झाले. लोकसंख्या ५०,००० च्या आत हवी. शिवाय हवा, पाणी, कचरा, जुन्या इमारती, स्थानिक शेतमाल, कारागिरी, पाहुणचार अशा सत्तरहून अधिक कसोट्या. त्यांचे चिन्ह आहे पाठीवर गाव घेऊन चाललेली गोगलगाय. आपल्याकडे 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतात. या गोगलगायीचे सगळे उघड्यावर आहे. ती हळू चालते, पण घर सोडून जात नाही.

ही कल्पना तुर्कस्तानात पोहोचली तेव्हा तिला जे नाव मिळाले, त्यावर आम्ही बराच वेळ अडकून राहिलो. तिथे अशा गावाला 'साकिन शेहिर' म्हणतात. तुर्कीत 'साकिन' म्हणजे शांत, स्वस्थ. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ रहिवासी. इमारतीच्या दारावरच्या सूचनेत तिथे राहणाऱ्यांना 'साकिन'च म्हणतात. हा शब्द आपल्यालाही परका नाही. आजोबांच्या पेटीतले जुने खरेदीखत काढून पाहावे. नावापुढे 'साकीन मौजे अमुक, तालुका तमुक' असे लिहिलेले सापडेल. सुकून, सकीना, साकीन ही सगळी एकाच अरबी धातूची लेकरे. जो एका जागी राहतो तो साकीन, आणि ज्याचे मन जागेवर आहे तोही साकीनच. दोन्ही अर्थ एका शब्दात बसवणाऱ्यांना काहीतरी कळले होते खास.

तुर्कस्तानातले पहिले साकिन शेहिर म्हणजे इझमीरजवळचे सेफेरिहिसार, संत्र्यांच्या जातीच्या लहान फळांसाठी, मँडरिनसाठी प्रसिद्ध. २००९ साली ते या जाळ्यात आले. पण शरद ऋतूसाठी आमची शिफारस दुसऱ्या तीन गावांची आहे: ताराकली, गोयनुक आणि मुदुर्नू. इस्तंबूल आणि अंकारा यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात ही तिन्ही एका रस्त्यावर, एकामागून एक येतात. इस्तंबूलपासून ताराकली सुमारे २०० किलोमीटर, तिथून गोयनुक सुमारे ३०, आणि गोयनुकहून मुदुर्नू सुमारे ५०. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हाने जीव नकोसा होतो, त्याच दिवसांत तिथले डोंगर पिवळे, तांबूस, विटकरी होत असतात. दिवाळीची सुट्टी आणि तिथली पानगळ यांची गाठ नेमकी पडते. गेल्या साली आम्ही पाचजण गेलो होतो: आम्ही दोघे, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि त्यांची दादी. आठ रात्री. दोन इस्तंबूलमध्ये आणि उरलेल्या सहा या तीन गावांत, प्रत्येकी दोन.

ताराकलीच्या नावातच 'ताराक' म्हणजे कंगवा आहे. लाकडी कंगवे आणि चमचे ही इथली जुनी कारागिरी. घरे दोन-तीन मजली. लाकडाचा सांगाडा, मध्ये कच्च्या विटा आणि माती, वरचा मजला गल्लीवर झुकलेला. आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला ही घरे ओळखीची वाटतात. चपला दारात काढायच्या, हेही आपल्यासारखेच. गावाच्या मध्यभागी १५१७ सालची यूनुस पाशा मशीद आहे. शेजारी हमाम. पूर्वी हमामाची उष्ण वाफ मशिदीच्या फरशीखालून फिरवून थंडीत नमाज्यांना ऊब दिली जाई, असे गावात सांगतात. जवळ एक फार जुना चिनार आहे. तुर्कीतही त्याला 'चिनार'च म्हणतात. दादीने दोन्ही दिवस अस्रनंतरचा वेळ त्या भागातल्या बाकावर काढला. कोणी तिला 'चला' म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तर शेजारी एक तिथली म्हातारी येऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. 'माशाअल्लाह', 'शुकुर', 'इन्शाअल्लाह' आणि हातवारे एवढ्यावर पाऊण तास गेला. नातवंडे किती, गुडघा कुठला दुखतो, एवढी माहिती त्यात इकडून तिकडे व्यवस्थित पोहोचली.

जेवणात दोन पदार्थ सांगण्याजोगे. एक 'केशकेक'. गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून एकजीव केलेले. पहिल्या घासालाच मुलगा म्हणाला, 'हा तर आपला खिचडा!' मसाला नाही, डाळी नाहीत, पण नाते स्पष्ट आहे. लग्नाच्या आणि सणाच्या वेळी गावाने मिळून केशकेक शिजवण्याच्या या प्रथेला युनेस्कोने २०११ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. दुसरा पदार्थ 'उहुत'. गव्हाला मोड आणतात, वाटून त्याचे दूध काढतात आणि पीठ घालून मंद आचेवर आटवतात. साखरेचा कणही पडत नाही. मोड आलेल्या गव्हातली गोडी वेळेने बाहेर येते. लवकर कर म्हटले तर हा पदार्थ होतच नाही.

गोयनुक लोकांना माहीत आहे ते आक शम्सुद्दीन यांच्यामुळे. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मुहम्मद फातेह यांचे हे गुरू. त्या विजयानंतर राजधानीत मानाने राहता आले असते. ते या डोंगरातल्या गावी परतले आणि १४५९ साली इथेच वारले. त्यांची कबर गावातल्या मशिदीशेजारी आहे. ते हकीमही होते. रोग माणसाकडून माणसाकडे डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजांतून जातो, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, सूक्ष्मदर्शक यंत्र येण्याच्या कितीतरी आधी. मुलीने हे वहीत टिपून घेतले. टेकडीवर १९२३ सालचा लाकडी विजय-मनोरा आहे. तिथून खाली उतरत्या छपरांचे गाव आणि धुराड्यांतून निघणारा लाकडाचा धूर दिसतो. जवळच चुबुक आणि सुन्नेत ही दोन तळी आहेत. दोन्हींवर जाऊन काही 'करायचे' नसते. काठावर बसायचे, पाण्यात पडलेले रंग पाहायचे, थर्मासमधला चहा प्यायचा.

या वाटेने आपल्या आधी एक मोठा मुसाफिर गेला आहे. इब्न बतूता १३३० च्या दशकात अनातोलियात फिरत होता, तेव्हा ताराकली, गोयनुक आणि मुदुर्नू ही तिन्ही गावे त्याच्या वाटेत आली. गोयनुक तेव्हा ग्रीक ख्रिस्ती लोकांचे गाव होते आणि तिथल्या एका वृद्धेच्या घरी त्याला आसरा मिळाला. याच भागात त्याच्या माणसांनी दुकानात अरबी 'समन', म्हणजे तूप, मागितले आणि दुकानदाराने त्यांच्या हाती गवताचा पेंढा ठेवला, कारण तुर्कीत 'समान' म्हणजे पेंढा! पुढे हाच इब्न बतूता हिंदुस्थानात आला. आपल्या दौलताबादला आणि नंदुरबारलाही त्याने मुक्काम केला. अनातोलियात त्याला सगळ्यात जास्त भावले ते 'अखी' लोक. एकाच धंद्यातली तरुण मंडळी दिवसभर काम करीत, संध्याकाळी कमाई एकत्र आणीत, त्यातून जेवण करीत आणि गावात आलेल्या परक्या माणसाला आधी जेवू घालीत. तुर्कीत आजही पाहुण्याला 'मिसाफिर' म्हणतात. आपला मुसाफिर तिथे पोहोचताच पाहुणा होतो.

अखींची ही परंपरा मुदुर्नूत आजही दिसते. हे गाव एकेकाळी सुया बनवण्यासाठी नावाजलेले होते. सुलतान यिल्दिरिम बायजीदच्या नावाची चौदाव्या शतकातली मशीद आणि १३८२ सालचा हमाम इथे आहे. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट दर शुक्रवारी घडते. जुम्याच्या नमाजेआधी बाजारातले दुकानदार दुकानांपुढे गोळा होतात. लोहार, तांबट, बेकरीवाला, किराणावाला, सगळे. हात उचलून दुआ होते: कमाई हलाल असो, माप खरे असो, बाजारात बरकत असो. सगळे आमीन म्हणतात आणि मशिदीकडे निघतात. काही मिनिटांचा कार्यक्रम. खराब माल विकणाऱ्या चांभाराचा जोडा पूर्वी त्याच्याच दुकानाच्या छपरावर फेकला जाई, अशी अखींची गोष्ट सांगतात. तुर्कीत 'जोडा छपरावर गेला' म्हणजे पत गेली, असा वाक्प्रचार रूढ आहे. आम्ही शुक्रवार धरूनच मुदुर्नूचा मुक्काम ठरवला होता. वाचकांनीही तसाच ठरवावा.

याच मुदुर्नूच्या बाहेर आणखी एक वसाहत आहे. तीही मुद्दाम पाहावी, दुरून. २०१४ साली तिथे परीकथेतल्या किल्ल्यांसारखे ७३२ बंगले बांधायचे काम सुरू झाले. टोकदार मनोरे, निळसर-करडी छपरे, सगळे हुबेहूब सारखे आणि एकमेकांना खेटून. गिऱ्हाईक मुख्यतः आखाती देशांतले. सुट्टीपुरते येऊन राहणारे. पाचशेहून अधिक बंगल्यांचे सांगाडे उभे राहिले आणि २०१८ साली बांधणारी कंपनी कर्जात बुडाली. रिकाम्या किल्ल्यांच्या रांगा आता दरीत तशाच उभ्या आहेत. इकडे सहाशे वर्षे जुनी मशीद भरते आणि तिकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे गाव ओस. आमच्या मुलाने विचारले, 'त्यात कोणीच साकीन नाही का?' यावर आम्ही जास्त काही बोललो नाही. प्रश्नातच उत्तर होते.

सुट्टीसाठी जागा विकत घेणे आणि एखाद्या गावात चार दिवस राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपण गाव वापरतो. दुसरीत गाव आपल्याला सामावून घेते आणि आपण त्याला थोडे काहीतरी देतो: बेकरीतून पाव घेतो, कारागिराकडून चमचा घेतो, घरगुती खोलीचे भाडे घरमालकिणीच्या हातात देतो. ही गावे स्वर्ग नाहीत. कामासाठी तरुण मुले मोठ्या शहरांकडे जातात आणि कट्ट्यावर पांढऱ्या दाढ्याच जास्त दिसतात. म्हणून तर अशा गावांना संथ पाहुणा हवा आहे. बसमधून उतरून फोटो काढून जाणाऱ्या शंभर माणसांपेक्षा दोन रात्री राहणारे एक कुटुंब गावाच्या जास्त उपयोगाचे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू या. संथपणा कोणाच्या जिवावर? उहुत मंद आचेवर आटतो खरा, पण ढवळणारा हात बहुतेक बाईचाच असतो. आपला खिचडाही तसाच. 'सुट्टीत घरचे जेवण हवे' असे म्हणताना घरातल्या बाईची सुट्टी आपण तिथेच रद्द करतो. म्हणून आमच्या घरात निघण्याआधीच ठरले होते की सहा दिवस स्वयंपाक कोणी करणार नाही. न्याहारी राहत्या घरी मिळेल ती, बाकी गावातल्या खानावळीत. कपडे प्रत्येकाने आपापले धुवायचे, नववीतल्या मुलीनेही आणि पाचवीतल्या मुलानेही. शेवटच्या दिवशी दादी म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदाच सलग सहा दिवस आपल्याला कोणी 'जेवायला काय आहे' असे विचारले नाही. तिच्या लग्नाला त्रेपन्न वर्षे झाली.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानसाठी व्हिसा लागतो आणि नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी ताजे नियम तपासावेत. गावांतली जुनी घरे सुंदर, पण जिने अरुंद आणि उभे असतात. वडीलधारे सोबत असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून लोकरीचे कपडे आणि जाड मोजे हवेत. पाचजण असतील तर गाडी भाड्याने घेणे सोयीचे, नाहीतर अडापझारी आणि बोलूहून मिनीबस मिळतात. बोलूजवळचे आबांत तळे आणि येदीगोल, म्हणजे 'सात तळी', हे राष्ट्रीय उद्यान पानगळीत फार देखणे असते. पण शनिवार-रविवारी शहरातली गर्दी तिथे उलटते, म्हणून मधल्या वारी जावे. आणि एका गावात दोन रात्रींपेक्षा कमी राहायचे असेल तर तिथे जाऊच नये.

इतक्या लांब जाणे सगळ्यांना परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. आपल्याकडे अशी गावे थोडी नाहीत. दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर याच दिवसांत सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. खुलताबाद आपण वेरूळच्या वाटेवर अर्ध्या तासात उरकतो. तिथे दोन रात्री राहून पाहिले आहे कोणी? रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालू असते, बंदरात मासळी येत असते आणि पाऊस संपून समुद्र निवळलेला असतो.

त्याच किनाऱ्यावर आपल्यातल्या कित्येकांचे घर आहे. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर, आणि दाराला कुलूप. मुले मुंबईत, मुंब्र्यात, कुवेतमध्ये, दोहामध्ये. घर वर्षातून एकदा, तेही कोणाच्या लग्नाला किंवा मय्यतीला उघडते. मुदुर्नूबाहेरचे रिकामे किल्ले पाहून आम्हाला आठवण झाली ती या कुलपांची. तिथे राहायला कोणी आलेच नाही, इथे राहणारे निघून गेले. रिकामे घर मात्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी. या सुट्टीत ते कुलूप काढावे. निदान चार रात्री राहावे. मुंबईहून किराणा भरून नेऊ नये. तेल, तांदूळ, साखर गावातल्या दुकानातून घ्यावी, मासळी बंदरावर जाऊन घ्यावी. झाडू, चूल आणि विहिरीचे पाणी यांची वाटणी निघण्याआधीच करावी, पुरुषांची नावे पहिली लिहून. नाहीतर बायका बारा माणसांचे रांधण्यातच गुंतून राहतील आणि सुकून पुन्हा ओटीवर बसलेल्या पुरुषांच्याच वाट्याला येईल. एका संध्याकाळी शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांना चहाला बोलवावे आणि मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. फोन ओटीवरच्या कोनाड्यात ठेवावा.

आणि जमल्यास आजोबांचे जुने खरेदीखत पेटीतून काढून मुलांना वाचायला द्यावे. 'साकीन मौजे' पुढे कोणत्या गावाचे नाव आहे, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.